जपानचा खेळ आणि लांबचा बाजार

 

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, यांना झालंय तरी काय? आपण बोलणार आहोत जपानमध्ये तयार होणाऱ्या व्हिडिओ खेळांबद्दल. लगेच रेडिओ बंद करू नका. विषय खेळाचा असला, तरी प्रश्न ओळखीचा आहे. आपला माल थोड्याच लोकांना आवडणारा असेल, तर तो लांबच्या बाजारात न्यावा का? नेला तर परवडतो का? की घरचंही जातं आणि दारचंही?

हे डोक्यात कसं आलं, ते आधी सांगतो. भातलावणी उरकली आणि आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी पुण्याहून सुट्टीला आली. तिने लॅपटॉपवर एक खेळ दाखवला. आम्हाला वाटलं, असेल धडाधड गोळ्या झाडायचा. बघतो तर काय, पडद्यावर भाताचं खाचर! एक लहानखुरी देवी पदर खोचावा तशी बाह्या सावरून चिखलात उभी राहून रोपं लावतेय. आम्ही सगळ्याजणी लॅपटॉपला जाऊन चिकटलो.

त्या खेळाचं नाव साकुना. साकुना ही पिकापाण्याची देवी, पण ऐतखाऊ. तिच्या हातून देवांच्या धान्याचं नुकसान होतं, म्हणून तिला राक्षसांच्या बेटावर धाडतात. तिथे तिने स्वतः भात पिकवायचा. बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून पोचट दाणे काढायचे. जमीन उकरायची, लावणी करायची. पाणी किती ठेवायचं, कधी सोडायचं, ते बघायचं. तण काढायचं, खत घालायचं. कापणी झाली की भारे टांगून वाळवायचे, झोडायचे आणि उखळात कांडायचे. पीक जितकं चांगलं, तितकं तिच्या अंगात बळ, आणि त्या बळावर राक्षसांशी लढाई. खेळ निघाला तेव्हा जपानमधले खेळणारे म्हणे त्यांच्या कृषी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर जाऊन भातशेतीची माहिती वाचत होते. पीक का बिघडलं, ते त्यांना तिथे कळायचं!

हा खेळ मुख्यतः दोनच माणसांनी बनवला, आणि त्यात जवळजवळ पाच वर्षं घातली. नोव्हेंबर 2020 मध्ये तो जपानमध्ये आणि अमेरिकेत एकाच सुमारास विक्रीला आला. पहिल्या काही आठवड्यांतच जगभरात 5 लाखांवर प्रती गेल्या, आणि पुढे 10 लाखांचा आकडाही मागे पडला.

तेव्हा आमच्यातल्या थोरल्या काकूंनी विचारलं, "अगं, पण अमेरिकेतल्या माणसाला खाचर म्हणजे काय ते तरी ठाऊक असतं का? तो हे कशाला विकत घेईल? आणि हे तिकडे न्यायचं धाडस कोणी केलं?"

काकूंचा प्रश्न बिनतोड होता. मग आम्ही पोरीला बसवून ठेवलं, विचारून घेतलं, वाचून घेतलं. त्यातून जे हाती आलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

कोणते खेळ म्हणजे मोजक्यांचे?

जपानमध्ये खेळांचा धंदा मोठा आहे. काही खेळ सगळ्या जगाला ठाऊक असतात. मिशीवाला मारिओ नळकांडीतून उड्या मारतो, तो तुमच्या नातवंडांनीही पाहिला असेल. असा खेळ परदेशी न्यावा की नाही, हा प्रश्नच पडत नाही.

पण बाजारात बटाटाही असतो आणि पहिल्या पावसात येणारी शेवळंही असतात. बटाटा सगळे घेतात. शेवळं बघून निम्मी माणसं विचारतात, हे काय असतं? ज्यांना माहीत असतं, ते मात्र वाट बघत असतात आणि भावाला फारशी घासाघीस करत नाहीत. जपानमध्येही असे शेवळासारखे खेळ बनतात. कुठे दुकान चालवायचं, कुठे कोर्टात वकिली करायची, कुठे एखाद्या जाडजूड कादंबरीएवढी गोष्ट वाचत वाचत पुढे जायचं. जपानमध्येच त्यांचे खेळणारे थोडे. मग ते परदेशात चालतील का?

खर्च कुठे कुठे होतो?

आपल्याला वाटेल, खेळ तर तयारच आहे, नुसता पाठवायचा. तसं नसतं.

पहिला खर्च भाषेचा. आपली पोरं टीव्हीवर डोरेमॉन बघतात, तो जपानचा, पण बोलतो हिंदी. कोणीतरी बसून एकेक वाक्य हिंदीत केलं आणि कोणीतरी आवाज दिला, तेव्हा ते झालं. खेळातही तसंच असतं. फरक इतकाच की मोठ्या खेळात लाखो शब्द असतात. दुकानदार काय म्हणाला, वाटेवरचा म्हातारा काय म्हणाला, तलवारीवर काय लिहिलंय, सगळं बदलावं लागतं.

दुसरा खर्च ते शब्द खेळात बसवण्याचा. जपानी चित्रलिपीत दोन अक्षरांत मावणारा शब्द इंग्रजीत दहा अक्षरांचा होतो. पडद्यावरची चौकट दोन अक्षरांपुरतीच आखलेली असते. मोठी भाकरी लहान डब्यात कोंबावी, तशी गत होते. मग डबाच बदलावा लागतो, म्हणजे खेळाच्या आतली मांडणी उकलावी लागते.

तिसरा खर्च तपासणीचा. कुठे अडकत नाही ना, कुठे जपानी अक्षर राहिलं नाही ना, हे बघायला माणसं तोच खेळ पुन्हा पुन्हा खेळतात. शिवाय कोणत्या वयाच्या मुलांनी तो खेळायचा याचा शिक्का घ्यावा लागतो. जपानचा शिक्का वेगळा, अमेरिकेचा वेगळा, युरोपचा वेगळा.

आणि चौथा खर्च माल छापण्याचा आणि त्याच्या जाहिरातीचा. पूर्वी खेळ डबीत किंवा तबकडीवर यायचे. त्या डब्या आगाऊ पैसे भरून बनवून घ्याव्या लागायच्या. खपल्या तर ठीक, नाही तर गोदामात पडून.

आता एक हिशेब मांडू. हे आकडे आम्ही समजण्यासाठी धरलेत, कोणत्या कंपनीचे नाहीत. खेळ विकला 1,000 रुपयांना. दुकानाने 300 ठेवले. मूळ बनवणाऱ्याला 350 गेले. परदेशी नेणाऱ्याच्या हातात उरले 350. भाषेचा आणि तपासणीचा मिळून खर्च झाला 35 लाख. म्हणजे 10,000 खेळ विकले की खर्च भरून निघाला, त्यापुढचा पैसा आपला. पण हाच खेळ एखाद्या मोठ्या कंपनीने थाटामाटात नेला, मोठमोठ्या जाहिराती केल्या आणि साडेतीन कोटी घातले, तर? तिला 1 लाख खेळ विकावे लागतील, तेव्हा कुठे ती बरोबरीत येईल.

खेळ तोच आणि भावही तोच. एकीला 10,000 गिऱ्हाइकांत दिवाळी आणि दुसरीला 90,000 गिऱ्हाइकं मिळूनही शिमगा. आजच्या सगळ्या बोलण्याचं सार याच हिशेबात आहे. आता खऱ्या गोष्टी ऐका.

गाजावाजा करून नेलेला खेळ

जपानमध्ये 1994 साली मदर 2 नावाचा खेळ निघाला. त्याचे कर्ते शिगेसातो इतोई. ते जाहिरातींचं लिखाण करणारे नामांकित लेखक. खेळात राजा नाही की राजवाडा नाही. साध्या गावातला एक मुलगा हातात बॅट घेऊन निघतो आणि जगावरचं संकट दूर करतो. मध्येच तो घरी वडिलांना फोन करतो, आईच्या आठवणीने व्याकूळही होतो. गोष्ट गमतीची आणि मायेची.

निन्टेन्डो ही मोठी कंपनी. तिने 1995 मध्ये हा खेळ अर्थबाउंड या नावाने अमेरिकेत आणला. सोबत जाडजूड मार्गदर्शक पुस्तक दिलं, त्यामुळे खोका इतरांपेक्षा मोठा झाला. जाहिरातीवर 20 लाख डॉलर खर्च केल्याचं सांगतात. आणि जाहिरात कसली? तर या खेळाला घाण वास येतो, अशी! मासिकांत खरवडून वास घ्यायचे कागदही दिले. हेतू विनोदाचा होता, पण गिऱ्हाईक नाक मुरडून पुढे गेलं. त्या काळी झगमगीत चित्रांच्या खेळांची चलती होती. त्यांच्यापुढे याची चित्रं लहान मुलाने काढल्यासारखी साधी दिसत.

अमेरिकेत खपले सुमारे 1 लाख 40 हजार. आपल्याला हा आकडा डोंगराएवढा वाटेल. पण केलेल्या खर्चापुढे आणि धरलेल्या आशेपुढे तो पडलेला खेळ ठरला. या मालिकेचा पुढचा खेळ, मदर 3, जपानमध्ये 2006 साली आला. तो परदेशात अधिकृतपणे आजवर आलेलाच नाही.

खटल्याच्या दोन माणसांनी नेलेला खेळ

आता दुसरी गोष्ट. ही ऐकून तुम्ही हसाल, कारण हा खेळ आपल्या गटाचाच आहे म्हणा ना!

खेळाचं नाव रेसेटियर. रेसेट नावाची मुलगी घरात एकटी. बाप कर्ज काढून परागंदा झालेला. एक दिवस सावकारी कंपनीकडून वसुलीला येते कोण, तर टीअर नावाची छोटी परी! परी म्हणते, घर जप्त करायचं नसेल तर घरातच दुकान काढ आणि दर आठवड्याला हप्ता भर. पहिला हप्ता त्यांच्या नाण्यांत 10,000, आणि वाढत वाढत पाचवा 5 लाख! मग खेळणाऱ्याने माल आणायचा, मांडायचा आणि गिऱ्हाइकाशी भाव करायचा. फार चढा भाव सांगितला तर गिऱ्हाईक निघून जातं. फार उतरलात तर हप्त्याच्या दिवशी रडायची पाळी. छोट्या पोरीकडे किती पैसे असतील आणि म्हाताऱ्याकडे किती, हे ओळखायला शिकावं लागतं.

जपानमध्ये 2007 साली एका छोट्या मंडळीने हा खेळ काढला. तो तिथे हौशी लोकांच्या मेळ्यात विकला गेला. म्हणजे जपानमध्येच तो मोजक्यांचा. अमेरिकेत कार्प फुल्गुर नावाची दोन माणसांची कंपनी उभी राहिली. त्या दोघांनी तो इंग्रजीत केला आणि सप्टेंबर 2010 मध्ये स्टीम या इंटरनेटवरच्या दुकानात ठेवला. डबी नाही, खोका नाही की गोदाम नाही. गिऱ्हाइकाने पैसे भरायचे आणि खेळ संगणकावर उतरवून घ्यायचा. भाव 20 डॉलर.

दोघांचा अंदाज होता की 10,000 खपले तरी पुरे. जानेवारी 2011 उजाडेपर्यंत 1 लाखावर खपले. त्यातले बरेच सवलतीच्या दिवसांत कमी भावाने गेले, हेही सांगायला हवं. तरीही दोन माणसांच्या घराला ते भरभरून पुरलं.

आता दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवा. 1 लाख 40 हजार खपलेला खेळ पडला आणि 1 लाख खपलेला तरला. तेव्हा परदेशात खेळ चालेल का, हा प्रश्नच अर्धवट आहे. किती खर्च करून, कोणाच्या हातून आणि किती गिऱ्हाइकांच्या भरवशावर, हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही.

गिऱ्हाईक आहे, हे कळणार कसं?

मोठ्यांचा अंदाजही चुकतो. डिमन्स सोल्स हा खेळ 2009 मध्ये जपानमध्ये आला. भयंकर अवघड. खेळणारा पावलोपावली मरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. तो सोनी कंपनीच्याच पैशावर बनलेला. पण सोनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी तो दोनेक तास खेळून पाहिला आणि त्यांना तो मुळीच रुचला नाही. सोनीने जपानबाहेर अमेरिकेत तो स्वतः काढला नाही. ही चूक झाली, असं त्या अधिकाऱ्यांनी पुढे उघडपणे कबूल केलं.

मग अ‍ॅटलस नावाच्या लहान कंपनीने तो अमेरिकेत आणला. तिच्याजवळ एक खूण होती. आशियातल्या काही बाजारांसाठी या खेळाची इंग्रजी असलेली प्रत आधीच निघाली होती, आणि अमेरिकेतले शौकीन ती लांबून मागवून घेत होते. माणसं वाट वाकडी करून माल मागवतात, म्हणजे भूक आहे. कंपनीने 75,000 चा अंदाज धरला होता. काही महिन्यांतच त्याच्या तिपटीहून जास्त खपले. त्याच निर्मात्यांचा त्याच वळणाचा एल्डन रिंग हा खेळ 2022 मध्ये आला आणि वर्षभरात जगात 2 कोटींवर गेला. पहिल्या खेळाने वाट पाडली नसती, तर पुढची गाडी कुठून गेली असती?

दुसरी गोष्ट 2011 सालची. झेनोब्लेड क्रॉनिकल्स, द लास्ट स्टोरी आणि पँडोराज टॉवर, असे तीन खेळ जपानमध्ये निघाले होते. निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या शाखेचा ते आणायचा विचार दिसत नव्हता. तेव्हा तिथल्या खेळणाऱ्यांनी मोहीम काढली. पत्रं लिहिली आणि नुसती पत्रं लिहून थांबले नाहीत. अ‍ॅमेझॉनवर झेनोब्लेडची जुन्या नावाने नोंद पडून होती, तिथे त्यांनी आगाऊ मागणी नोंदवली. इतक्यांनी नोंदवली की न निघालेला खेळ यादीत पहिल्या नंबरावर गेला!

आपल्या हिशेबाच्या दृष्टीने यात एक बारकावा आहे. युरोपसाठी झेनोब्लेड इंग्रजीत झालेलाच होता. म्हणजे भाषेचा मोठा खर्च आधीच झालेला. अमेरिकेत नुसता छापून विकायचा. अखेर एप्रिल 2012 मध्ये तो आला, तोही सगळीकडे नाही, ठरावीक दुकानांतच. उरलेले दोन खेळ एक्ससीड नावाच्या लहान कंपनीने आणले. द लास्ट स्टोरी हा तोवरचा आपला सगळ्यात यशस्वी खेळ ठरला, असं तिने सांगितलं. झेनोब्लेडचा दुसरा भाग 2017 मध्ये आला, तो जगभर 20 लाखांवर खपला.

चव बदलावी का?

आता एक नाजूक मुद्दा. परक्या माणसाला आवडावं म्हणून आपल्या मालाची चव बदलावी का?

जपानी खेळ परदेशी नेताना पूर्वी पुष्कळ बदल करत. पर्सोना नावाचा खेळ 1996 मध्ये अमेरिकेत नेला, तेव्हा जपानी मुलांचे चेहरेमोहरे बदलून टाकले, गावही अमेरिकेतलं केलं. एस अ‍ॅटर्नी हा वकिलीचा खेळ 2005 मध्ये इंग्रजीत आला. त्यात जपानचं शहर लॉस एंजेलिस झालं, आणि नायकाची मैत्रीण जे जपानी शेवयांचं रामेन आवडीने खायची, त्याचा बर्गर झाला! पुढच्या भागांत जपानी देवळं आणि जपानी भुतंखेतं यायला लागली, तेव्हा हे लॉस एंजेलिस कसलं म्हणून लोक हसायला लागले.

खेळ तरीही आवडला, कारण गोष्ट मूळची सकस होती आणि भाषांतर खुसखुशीत होतं. पण काळाने दाखवलं की एवढं लपवायची गरज नव्हती. पर्सोनाचा पाचवा भाग 2017 मध्ये परदेशात गेला. त्यात टोकियोच्या गल्ल्या, शाळा आणि रेल्वे स्टेशनं जशीच्या तशी आहेत. तो लाखोंनी खपला. लोकांना टोकियोच बघायचं होतं. साकुनाचंही तेच. कोणी भाताच्या जागी मका लावला नाही, म्हणून तर तो खेळ वेगळा उठून दिसला.

समजावून सांगणं वेगळं आणि बदलून टाकणं वेगळं. पिशवीवर शिजवायची रीत लिहावी, तांदूळ मात्र आपलाच ठेवावा.

राबणाऱ्यांचा हिशेब

इथवर ऐकून वाटेल की छोट्या मंडळींनी प्रेमाने केलं की झालं. तसं नाही, बायांनो. प्रेमाने केलेल्या कामाचीही मजुरी असते. ती धरली नाही की हिशेब खोटा ठरतो, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

निहोन फाल्कॉम या जपानी कंपनीचा ट्रेल्स इन द स्काय नावाचा खेळ आहे. गोष्ट फार सुंदर, पण शब्द किती! गावातल्या प्रत्येक माणसाचं बोलणं वेगळं, आणि गोष्ट पुढे सरकली की प्रत्येकाचं बोलणं पुन्हा बदलतं. पहिला भाग जपानमध्ये 2004 मध्ये आला. एक्ससीडने तो इंग्रजीत आणला 2011 मध्ये. दुसरा भाग जपानमध्ये 2006 चा. त्याचं काम मघाच्या दोन माणसांच्या कंपनीनेही अंगावर घेतलं. रेसेटियर त्यांनी पेललं होतं, पण हा डोंगर निघाला. तारखा पुढे पुढे जात राहिल्या, आणि खेळ यायला ऑक्टोबर 2015 उजाडलं. म्हणजे नऊ वर्षं! ज्या हातातल्या यंत्रासाठी तो इंग्रजीत येणार होता, ते यंत्रच तोवर बाजारातून उठलं होतं. संगणकावरही तो निघाला, म्हणून वाचला.

भाषांतर करणाऱ्यांच्या या वर्षांचा हिशेब कोणत्या वहीत लिहिलेला असतो? खेळ चांगला असला, गिऱ्हाईकही असलं, तरी करणाऱ्याचा जीव किती मोठा, हे बघावं लागतं.

मदर 3 चं तर आणखी वेगळं झालं. अधिकृत खेळ येत नाही म्हटल्यावर चाहत्यांनी 2008 मध्ये स्वतःच इंग्रजी भाषांतर करून फुकट वाटलं. काम इतकं देखणं की लोक आजही वाखाणतात. पण त्यातून ना मूळ लेखकाला पैसा मिळाला, ना राबणाऱ्यांना. आपण लोणचं विकायला काढलं नाही, म्हणून गिऱ्हाइकांनीच एकमेकांच्या घरी घालून घेतलं, असं ते झालं. गिऱ्हाइकांची पोटं भरली, पण घालणारीची बरणी रिकामीच राहिली.

मग न्यावा की नाही?

आमचं मत सांगतो. न्यावा. पण पाच गोष्टी बघून.

एक, गिऱ्हाईक किती हे आधी मोजावं आणि खर्च त्या मापाने करावा. दोन, कोणी लांबून मागवतंय का, आगाऊ मागणी नोंदवतंय का, याकडे डोळे उघडे ठेवावेत. तीन, भाषा बदलावी, पण चव बदलू नये. चार, राबणाऱ्याची मजुरी हिशेबात धरावी. पाच, पहिल्या वर्षाच्या विक्रीवरच निकाल देऊ नये.

या पाचव्या गोष्टीसाठी अर्थबाउंडकडे पुन्हा बघा. 1995 मध्ये पडलेला तो खेळ, पण ज्या थोड्या मुलांनी खेळला, त्यांच्या मनातून तो गेला नाही. ती मुलं मोठी झाली आणि इतरांना सांगत राहिली. 2013 मध्ये निन्टेन्डोने तोच खेळ इंटरनेटवरून पुन्हा विकायला ठेवला, आणि लोकांनी हौसेने घेतला. या वेळी छापायचा खर्च नव्हता.

आज न्यायचा खर्च पूर्वीपेक्षा कमी झालाय, कारण डब्या आणि गोदामं लागत नाहीत. म्हणून तर साकुनासारखा खेळ दोन्ही देशांत एकाच सुमारास येतो. ट्रेल्स इन द स्कायचा पहिला भाग नव्याने बनवला, तो सप्टेंबर 2025 मध्ये जगभर एकदम निघाला. कुठे ती सात वर्षांची वाट आणि कुठे हे! पण एक अडचण गेली की दुसरी उभी राहते. इंटरनेटवरच्या दुकानात आता इतके खेळ आहेत की आपला खेळ तिथे आहे, हेच कोणाला कळत नाही. जत्रेत जागा फुकट मिळाली, पण गर्दीत आपली पाटी कोण बघणार? म्हणून आपलं गिऱ्हाईक नावानिशी ओळखणं आज पूर्वीहून जास्त गरजेचं झालंय.

आणि आपण?

जाता जाता आमच्याच घरची गोष्ट. दोन वर्षांमागे आमच्या गटाने आंबेमोहर तांदूळ शहरातल्या एका प्रदर्शनात नेला होता. 500 छापील पिशव्या केल्या, कारण त्याहून कमी छापायला कोणी तयार नव्हतं. गाडीभाडं भरलं, स्टॉलचं भाडं भरलं. 200 किलो नेला, खपला 70 किलो. उरलेला आठवडी बाजारात मिळेल त्या भावाने काढला. पिशव्या अजून माळ्यावर आहेत. तेव्हापासून गटात कोणी शहराचं नाव काढलं की थोरल्या काकू उठून जायच्या.

पण त्या प्रदर्शनानंतर तीन बायांचे फोन आले होते. एकीने तर पुन्हा विचारलं, तो वासाचा तांदूळ आता कुठे मिळेल? आम्ही आमच्या तोट्याच्या दुःखात त्या फोनांकडे लक्षच दिलं नाही. लांबून मागवणारी माणसं आमच्याकडेही होती, आणि आम्ही त्यांची नावंसुद्धा लिहून ठेवली नाहीत.

परवाच्या बैठकीत हाच विषय निघाला. या वेळी काकू उठून गेल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या दुकानवाल्या पोरीसारखं करू. आधी फोनवर मागणी घ्या, पैसे घ्या, मग तेवढाच तांदूळ भरडा. आणि भरडणाऱ्या बाईची मजुरी पहिली लिहा." ठराव झालाय. यंदाचं भात घरात आलं की कळेल.

तुमच्या गटात या आठवड्यात एक काम करा. तुमच्या मालाची वाट बघणारी, लांब राहणारी माणसं किती, त्यांची नावं आठवून वहीत लिहा. दहा निघाली तरी चालतील. दहाच्या मापाने खर्च करता आला, तर तो दहाचा बाजार खरा.

पुढच्या भेटीपर्यंत, राम राम मैत्रिणींनो!